इंग्लंडमधल्या कॅसलटन गावाच्या आसपास पायी काय काय बघता येईल? (दोघंच, गाडी नाही)

आगरवाली

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरकडचे, आंबा-काजू आणि थोडी नारळी-पोफळी. लेक शेफील्डला नोकरीला आहे, तिनं आता शहर सोडून कॅसलटन नावाच्या खेड्यात घर भाड्यानं घेतलंय, पीक डिस्ट्रिक्ट म्हणतात त्या भागात. आंब्याचं आवरलं की मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं तिच्याकडे निघतोय ते थेट जुलै मध्यापर्यंत, लावणीचं यंदा दिरांनी अंगावर घेतलंय.

आता अडचण अशी की लेक सकाळी कामावर जाणार ती संध्याकाळी येणार, तिकडे गाडी चालवणं आम्हाला जमणार नाही आणि दिवसभर घरात टीव्हीसमोर बसणं त्याहून जमणार नाही. मला चालायची भरपूर सवय आहे, वरच्या सड्यावरच्या काजूच्या बागेत रोज घाटी चढूनच जाते. ह्यांचा उजवा गुडघा उतारावर दुखतो, चढाला आणि सपाटीला काही नाही.

लंडन वगैरे नको, ते लेक सुट्टी काढून दाखवणार आहे. मला विचारायचंय ते गावाच्या आजूबाजूचं, म्हणजे सकाळी पोळी-भाजी बांधून घेऊन निघालं आणि तिन्हीसांजेच्या आत परत आलं असं. कुठल्या वाटा, काय बघण्यासारखं, बस-रेल्वेने कुठवर जाता येतं.

आणि एक शंका. लेकीने फोटो पाठवलेत त्यात पायवाट सरळ कोणाच्यातरी कुरणातून जातेय, मेंढ्या चरतायत, मधे फाटक आहे आणि लोक ते उघडून बिनधास्त पलीकडे जातायत. ह्यांना हे बिलकुल पटलेलं नाही, म्हणतात परक्या मुलखात दुसऱ्याच्या जमिनीत पाय ठेवायचा नाही, मालकाने हटकलं तर काय उत्तर देणार. तर नक्की काय आहे ते जाणकारांनी सांगावं.

---

खाडीपलीकडे

काकू, आधी काकांची शंका घेतो, ती मिटली नाही तर बाकीच्या माहितीचा उपयोग नाही. ती वाट मालकाच्या मेहेरबानीवर नाहीये. जमीन त्याची, पण तिच्यावरून जाणाऱ्या पायवाटेने चालायचा हक्क सगळ्यांचा, आणि सगळ्यांचा म्हणजे गुहागरहून आलेल्या माणसाचासुद्धा, त्यासाठी तिथलं नागरिकत्व लागत नाही. पब्लिक फुटपाथ म्हणतात त्याला. स्थानिक कौन्सिलकडे अधिकृत नकाशा असतो, त्यात ही वाट नोंदलेली असते आणि एकदा नोंदली की शेत विकलं, मालक बदलला, तरी वाट राहते. शेताच्या मधून वाट जात असेल तर नांगरट झाल्यावर ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची जबाबदारी शेतकऱ्याची, किमान १ मीटर रुंदी मोकळी ठेवायला लागते. खांबावर पिवळा बाण दिसला की वाट पायी चालणाऱ्यांची, निळा असेल तर घोडे आणि सायकलींनाही मुभा. तुमच्याकडून अपेक्षा एवढीच की वाट सोडून गवतात शिरायचं नाही आणि फाटक जसं होतं तसं ठेवायचं. बंद असेल तर बंद, आणि उघडं बांधून ठेवलेलं असेल तर उघडंच, कारण जनावरांना पाण्याकडे जायला ते कधीकधी मुद्दाम उघडं ठेवतात. शेतकरी भेटला तर हात वर करून गुड मॉर्निंग म्हणा, तोही म्हणेल.

मी दाभोळचा, शेफील्डला बरीच वर्षं होतो आणि शनिवार-रविवार ह्याच भागात भटकायचो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, राग मानू नका.

पहिल्या दिवशी कुठेच चढू नका, कॅसलटनहून होप गावापर्यंत जा. पीक्सहोल वॉटर नावाचा ओढा आहे, त्याच्या काठाकाठाने कुरणांतून वाट जाते, साधारण अडीच किलोमीटर, जवळजवळ सपाट. मधे एक रेल्वेचा फाटा ओलांडायला लागतो, होपच्या सिमेंट कारखान्याकडे जाणारा, तिथे थांबून दोन्ही बाजूंना बघून मगच पलीकडे जायचं. या एका चालीत तुम्हाला तिकडचे फाटकांचे सगळे प्रकार कळतात, गडग्यावरून चढून उतरायच्या दगडी पायऱ्या, लाकडी पायऱ्या, आणि एक फाटक असं की त्यातून एका वेळी एकच माणूस जातो, मेंढरू जाऊ शकत नाही. होपला चहा प्यायचा आणि त्याच वाटेने मागे. काकांची भीड इथेच मोडेल.

आता गडग्यांबद्दल, कारण कोकणातल्या माणसाला त्या मुलखात सगळ्यात जास्त ओळखीचं काही वाटत असेल तर ते हेच. मैलोन् मैल दगडावर दगड रचलेले, ना माती ना चुना ना सिमेंट, अगदी आपल्या आगरांच्या भोवती असतात तसे, फक्त आपल्याकडे जांभा आणि चिरे, तिकडे दुसरा दगड. आणि कॅसलटनची खरी मजा काय तर हे गाव बरोब्बर दोन दगडांच्या सीमेवर बसलंय. दक्षिणेला चुनखडी, त्यामुळे तिकडचे गडगे पांढुरके, गवत हिरवंगार, ओढे जमिनीत गडप होणारे आणि पोटात गुहा. त्याला व्हाइट पीक म्हणतात. उत्तरेला काळपट वाळूचा खडक आणि शेल, म्हणजे थराथरांचा ठिसूळ दगड, वर दलदलीचं काळं पठार, ते डार्क पीक. तुम्ही सकाळी पांढऱ्या गडग्यांमधून निघता आणि तासाभरात काळ्या-तपकिरी गडग्यांमध्ये पोचता, पायाखालचा मुलूख बदलला हे गडगा बघून कळतं. माझ्या मते गावातल्या चारही गुहांपेक्षा ही गोष्ट बघण्यासारखी आहे आणि तिला तिकीट नाही.

दुसरी वाट केव्ह डेल. गावाच्या चौकापासून दोन मिनिटांवर घरांच्या मधून एक अरुंद फट आहे, आत गेलं की दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे आणि डोक्यावर पेव्हरिल कॅसल. शेकडो वर्षांच्या पायांनी तिथला दगड गुळगुळीत झालाय, पाऊस पडला की नारळीच्या बागेतल्या शेवाळासारखा निसरडा, त्यामुळे कोरड्या दिवशीच. वर चढत गेलं की मोकळा माळ लागतो. कॅसल म्हणजे विल्यम पेव्हरिल या नॉर्मन सरदाराने ११ व्या शतकात वसवलेला किल्ला, आतला चौकोनी बुरूज दुसऱ्या हेन्री राजाने ११७६ मध्ये बांधला. त्याला तिकीट आहे, चढ नागमोडी आणि खडा आहे, पण वरून अख्खं खोरं दिसतं.

तिसरी आणि खरी मोठी म्हणजे मॅम टॉर. उंची ५१७ मीटर, पण तुम्ही समुद्रसपाटीवरून निघत नाही, त्यामुळे घाबरू नका. माथ्यावर प्राचीन डोंगरी किल्ल्याचे मातीचे बांध अजून दिसतात. तिथून पूर्वेला डोंगराच्या धारेवरून वाट जाते, हॉलिन्स क्रॉस, बॅक टॉर आणि शेवटी लूज हिल, ४७६ मीटर. उजवीकडे तुमचं खोरं, डावीकडे एडेलचं. हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीतून पूर्वी एडेलची माणसं मयत खांद्यावर घेऊन होपच्या चर्चला यायची, १७ व्या शतकात एडेलला स्वतःचं चर्च झालं तेव्हा कुठे हे थांबलं. आपल्याकडे घाटावरच्या वाड्यांमधून आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणायचे ते ज्यांनी बघितलंय त्यांना ही खिंड चढताना वेगळंच वाटतं.

मॅम टॉरच्या पायथ्याशी मोडका रस्ता आहे तो चुकवू नका. ए६२५ नावाचा हमरस्ता होता, डोंगर शेलचा, पावसाचं पाणी मुरलं की सरकतो, वर्षानुवर्षं डांबरावर डांबर ओतून डागडुजी केली आणि शेवटी १९७९ ला नाद सोडून रस्ता कायमचा बंद केला. आता त्या फाटलेल्या डांबराच्या थरांवरून चालत जाता येतं. परशुराम घाटातून दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून जाणाऱ्या माणसाने हा रस्ता बघितलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, डोंगर कापला की तो काय करतो हे तिथे उघडं पडलेलं दिसतं.

नकाशा घ्या. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ओएल१, गावातल्या दुकानात मिळेल, १:२५,००० चा, म्हणजे ४ सेंटीमीटरला १ किलोमीटर. त्यात एकेक गडगा दाखवलाय आणि हक्काच्या पायवाटा हिरव्या तुटक रेषेत. मोबाइलला खोऱ्यात रेंज जाते, कागद जात नाही.

---

देवगड_हापूस

काकू, खाडीपलीकडेंनी छान लिहिलानी पण माका एक गोष्ट सांगूची असा, थंयचो वारो. जून म्हटल्यावर आपल्या डोक्यात उकाडा आणि पाऊस, तिकडे जूनमध्ये दुपारी १७-१८ डिग्री म्हणजे चांगला दिवस, आणि त्या धारेवर वारा सुटला की आपल्याला थेट हुडहुडी. मी मँचेस्टरला जहाज कंपनीच्या ट्रेनिंगला होतो तेव्हा आमच्यातली मुलं साध्या सुती शर्टात वर गेली आणि भिजून कुडकुडत खाली आली. सुती नको, लवकर वाळणारं घाला, वरून वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारं जाकीट, कानावर टोपी. छत्री घरात ठेवा, डोंगरावर ती उलटी होणार. बूट घोट्याच्या वर येणारे, आणि ते इथूनच घेऊन रोजच्या घाटीला वापरून मग न्या, नवे बूट तिकडे जाऊन पहिल्यांदा घातले तर फोड ठरलेले.

किंडर स्काउटवर मात्र दोघांनीच जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. ६३६ मीटर उंची ऐकून काही वाटत नाही, पण वर सपाट काळं पठार आहे, सगळं कुजलेल्या शेवाळाच्या मातीचं, मधे माणूसभर खोल चर, आणि धुकं उतरलं की चारही बाजूंना एकच एक दिसतं. एडेलपर्यंत जा, खाली कुरणातून अपर बूथपर्यंत आणि जेकब्ज लॅडरच्या दगडी पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत जा, पठारावर लेकीबरोबर किंवा माहितगाराबरोबर. काही झालंच तर ९९९, पोलीस मागायचे आणि माउंटन रेस्क्यू सांगायचं.

गाईंचं पण लक्षात ठेवा. आपल्याला गुरांची सवय म्हणून आपण जवळून जातो, तिकडे वासरंवाली गाय माणसावर धावून येते. गाय आणि वासरू यांच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घालायचा, त्यासाठी वाट थोडी सोडली तरी चालते. आणि घरी आल्यावर पाय तपासायचे, गवतात बारीक गोचीड असतात, त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. नेटल म्हणून एक झुडूप गडग्याच्या कडेला माजलेलं असतं त्याला हात लावू नका, खाजकुयली परवडली.

---

आगरवाली

दोघांचेही खूप आभार, ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. फाटकाचं ऐकून गप्प बसले आणि मग म्हणाले की आपल्या पाणंदीला कोणी असा कागद केला असता तर.

सांगते, इथे बऱ्याच जणांना माहीत असेल असलं प्रकरण. आमच्या वाडीतून समुद्रावर जायची जुनी पाणंद, दोन्ही बाजूंना गडगे, कोळणी डोक्यावर पाटी घेऊन त्याच वाटेने यायच्या, गणपती त्याच वाटेने विसर्जनाला जायचे. कडेची जमीन बाहेरच्या कोणी घेतली आणि सिमेंटचे खांब पुरून तारा ओढल्या, पाणंदीसकट. आता आम्ही हमरस्त्याने वळसा घालून जातो. विचारायला गेलं तर सातबारा दाखवतात. म्हणून ह्यांना दुसऱ्याच्या जमिनीतून जायची एवढी धास्ती, रोज तारा बघतात ना.

बाकी, ह्यांना उतार झेपत नाही तर मॅम टॉरवरून खाली कसं यायचं? आणि पूर्ण सपाट अशी आणखी वाट आहे का?

---

कातळवाट

आगरवाली ताई, तुमच्या पाणंदीबद्दल आधी लिहितो कारण ती इंग्लंडपेक्षा निकडीची आहे.

भूमी अभिलेखच्या ऑफिसात जाऊन गावनकाशाची नक्कल काढा. त्यावर पायमार्ग एका तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवलेला असतो. सातबारा म्हणजे जमिनीचा कागद, त्यात वाट नाही दिसली म्हणजे वाट नाही असं होत नाही. नकाशावर वाट असेल आणि ती अडवली असेल तर मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ चा, त्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो, पण तो अडवणूक झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत करायला लागतो, त्यामुळे तारा कधी ओढल्या ती तारीख महत्त्वाची, फोटो काढून ठेवा. मुदत गेली असेल तर दिवाणी कोर्ट आहे, वकिलाला कागद दाखवा. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब आत्ताच लिहून घ्या, कोणत्या वर्षी कोणत्या कारणासाठी ती वाट वापरली ते. एकट्याने नको, वाडीने मिळून जा.

आणि हे का लिहितोय तर तिकडचा हक्क पण कोणी ताटात वाढलेला नाही. कॅसलटनच्या मागे एडेल, त्याच्या मागे किंडरचं पठार, ती सगळी जमीन जमीनदारांनी तितर-कवड्यांसारख्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवली होती, ग्राउस म्हणतात त्या पक्ष्याला. वर्षातले थोडे दिवस शिकार, बाकी वर्षभर राखणदार काठ्या घेऊन उभे. आणि दोन्ही बाजूंना मँचेस्टर आणि शेफील्ड, गिरण्यांचे आणि पोलादाचे कारखाने, आठवडाभर धुरात काम करणारे लोक, रविवारी त्यांना समोर दिसणाऱ्या डोंगरावर जायला बंदी. २४ एप्रिल १९३२ ला हेफील्ड गावातून काहीशे तरुण जाहीर सांगून त्या पठारावर चढले. पुढे होता बेनी रॉथमन, विशीतला पोरगा. राखणदारांशी झटापट झाली, उतरल्यावर पोलिसांनी पकडलं आणि त्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. शिक्षा ऐकून देशभर लोक चिडले आणि विषय मोठा झाला. १९४९ ला राष्ट्रीय उद्यानांचा आणि पायवाटा नोंदवण्याचा कायदा आला, १९५१ ला पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, १९६५ ला एडेलपासून स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत जाणारी पेनाइन वे नावाची पायवाट खुली झाली, ४३० किलोमीटरच्या आसपास लांब. आणि मोकळ्या माळांवर वाट सोडूनही फिरायचा हक्क मिळाला तो २००० च्या कायद्याने. म्हणजे त्या रविवारपासून ६८ वर्षं.

एडेलला गेलात तर पेनाइन वे जिथून सुरू होते त्या ओल्ड नॅग्ज हेड पबपाशी दोघांनी जरूर उभं राहा. आणि लूज हिलचा वरचा भाग वॉर्ड्स पीस म्हणून ओळखला जातो, जी. एच. बी. वॉर्ड यांच्या सन्मानार्थ. त्यांनी १९०० मध्ये शेफील्डला कामगारांचा चालण्याचा क्लब काढला आणि जन्मभर बंद वाटा उघडायसाठी जुने कागद शोधत राहिले. काकांना सांगा, कागद शोधणारा माणूस त्या डोंगराला नाव देऊन गेलाय.

---

देवगड_हापूस

कातळवाट, ह्या ६ महिन्यांचा माका म्हायत नव्हता. आमच्याकडे पण एक बंदराची वाट अशीच अडकलीय, उद्याच नक्कल काढायला सांगतो.

---

हर्णैबंदर

मी थोडं वेगळं सुचवते. काकू, तुम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात पोचताय ना, मग २९ मे आधी गाठा. त्या दिवशी कॅसलटनमध्ये गार्लंड डे असतो (२९ ला रविवार आला तर आदल्या दिवशी). घोड्यावर बसलेल्या माणसाच्या अंगावर फुलापानांचा एवढा मोठा घंटेच्या आकाराचा हार चढवतात की तो कमरेपर्यंत झाकून जातो, मग बँड वाजवत सगळं गाव मागून फिरतं, ठरलेल्या ठिकाणी थांबतात, शाळकरी मुली नाचतात, आणि शेवटी तो हार दोरीने चर्चच्या बुरुजावर ओढून घेतात. शिमग्याला पालखी नाचवणाऱ्या गावातली माणसं आपण, आपल्याला ते बघताना कोणी समजावून सांगायला लागत नाही. अख्ख्या गावाची ओळख त्या एका संध्याकाळी होते, नंतर दीड महिना तिथे राहायचंय तर त्याचा फार उपयोग.

तसंच जून-जुलैत डर्बीशरच्या गावांमध्ये विहिरी आणि झरे सजवतात. लाकडी चौकटीत ओली माती थापायची आणि तिच्यात फुलांच्या पाकळ्या, पानं, बिया एकेक दाबून चित्र उभं करायचं. होप आणि टाइड्सवेल ही तुमच्या जवळची. तारखा गावागावाच्या वेगळ्या, लेकीला आधी बघून ठेवायला सांगा. शक्य झालं तर सजवायचं काम चालू असताना जा, बायका-पोरं सगळी बसलेली असतात, तुम्हालाही दोन पाकळ्या लावायला देतील.

गुहांपैकी मी म्हणेन पीक कॅव्हर्न. तोंडच एवढं प्रचंड आहे की आत पूर्वी घरं होती आणि शेकडो वर्षं दोर वळायचा धंदा चालायचा, आत ओलसर हवा असायची म्हणून. दोर वळून दाखवतात अजून. आमच्या आजीने काथ्या वळून संसार केला, मला तिथून पाय निघेना. स्पीडवेलमध्ये होडीतून नेतात, जुन्या शिशाच्या खाणीच्या बोगद्यातून, पण उतरायला शंभराच्या वर पायऱ्या आहेत आणि तेवढ्याच परत चढायच्या, काकांच्या गुडघ्याने विचार करा. ब्लू जॉन नावाचा जांभळा-पिवळा पट्ट्यांचा दगड दुकानात दिसेल, तो ह्या एका टेकडीतूनच निघतो, म्हणून महाग.

आणि ईम. स्पेलिंग बघून ईयाम वाचाल पण तिकडे ईम म्हणतात. १६६५ ला लंडनहून शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं त्यातून प्लेग आला, आणि मॉम्पेसन नावाच्या पाद्र्याच्या सांगण्यावरून गावाने स्वतःला बंद करून घेतलं, आजार शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून. शिवेवर एक मोठा दगड आहे, त्यात भोकं, भोकात व्हिनेगर घालून त्यात नाणी ठेवायची, पलीकडची माणसं धान्य ठेवून नाणी घेऊन जायची. २६० च्या आसपास माणसं गेली, त्यात त्या पाद्र्याची बायको पण. शिवेवरच्या दगडापर्यंत ईमहून कुरणातून चालत जाता येतं, लांब नाही. २०२० ला आपल्या गावांच्या वेशीवर बांबू आडवे पडले होते आणि मुंबईहून आलेल्या आपल्याच माणसांना शाळेत ठेवलं होतं. तेव्हाचं पुष्कळ काही अजून आपण एकमेकांशी बोललेलो नाही. त्या दगडापाशी मी बराच वेळ बसले होते.

---

खाडीपलीकडे

गुडघ्याचं सांगायचं राहिलं होतं.

मॅम टॉरला उलटं करा. खाली येताना धारेवरून सरळ खोऱ्यात उतरणाऱ्या वाटा खड्या आहेत, त्या टाळा. हॉलिन्स क्रॉसकडून चढा, धारेने मॅम टॉरच्या माथ्यावर या, पलीकडे फरसबंदी पायऱ्यांनी थोडं खाली उतरलं की डांबरी रस्ता, तिथून मोडक्या रस्त्याने गावात. तो उतार गाड्यांसाठी आखलेला होता त्यामुळे लांब आणि सौम्य आहे, डांबर फाटलंय तेवढ्या टप्प्यात जपून पाय टाकायचा. दोन काठ्या द्या काकांना, चालण्याच्या मिळतात त्या, उतारावर गुडघ्याचा भार हातावर येतो. विनॅट्स पासमधून मात्र उतरू नका, चुनखडीची घळ म्हणून दिसायला सुंदर आहे पण उतार फार खडा आणि गाड्यांची ये-जा, खालून तोंडाशी उभं राहून बघितलं तरी पुरे.

सपाट वाटा दोन. एक मॉन्सल ट्रेल, बेकवेलजवळ, जुनी रेल्वेलाइन आहे, १९६८ ला बंद झाली, रूळ काढून चालायला आणि सायकलला केली, १३ किलोमीटरहून थोडी जास्त. बोगदे २०११ ला उघडले, आत दिवे आहेत, आणि हेडस्टोन व्हायाडक्टवरून खाली नदी दिसते. हवं तेवढं चालायचं आणि मागे फिरायचं. बेकवेलला बस आहे पण फेऱ्या मोजक्या, परतीची शेवटची बस बघूनच निघायचं.

दुसरी डरवेंट खोऱ्यातली धरणं. लेडीबोवर जलाशयाखाली डरवेंट आणि ॲशॉप्टन ही दोन गावं गेली. चर्चचा मनोरा पाण्यातून वर दिसायचा तोही १९४७ ला पाडला. काठाने रुंद, जवळजवळ सपाट वाट आहे, पार वर डरवेंट धरणाच्या दगडी भिंतीपर्यंत, जिथे १९४३ ला जर्मनीतली धरणं फोडायला जाणाऱ्या विमानांनी सराव केला होता. कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली त्यातली काही कुटुंबं इकडे खाली आपल्यात येऊन राहिली, त्यांच्यापैकी कोणी बरोबर असतं तर त्याच्याशी ह्या काठावर बोलायला मला आवडलं असतं.

जूनच्या शेवटी सूर्य साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे तिन्हीसांजेच्या आत परत यायची घाई नको. लेक कामावरून आल्यावर जेवून तिघं मिळून केव्ह डेलला जाऊन याल.

---

आगरवाली

सगळं वहीत उतरवून घेतलंय, एकेक वाट वेगळ्या पानावर. हे मोडका रस्ता आणि धरणाची वाट म्हणतायत, मला ईम आणि पाकळ्यांच्या विहिरी. २९ तारखेसाठी तिकीट एक दिवस अलीकडे घ्यायला लेकीला सांगितलं, मिळतंय.

कातळवाट, नकाशाचं कळल्यावर हे उठून गेले आणि वाडीतल्या तिघांना घेऊन आले, सोमवारी भूमी अभिलेखला जातायत. तारा मार्चमध्ये होळी झाल्यावर ओढल्या, म्हणजे मुदत आहे अजून. आम्ही तिकडे असताना तारीख पडली तर दिरांना अधिकारपत्र देऊन चालेल का, की दावा दाखल करतानाच त्यांचं नाव अर्जदारांत घालायचं?

---

कातळवाट

नाव आधीच घाला, तेच सोपं. तेही ती वाट वापरतात ना, मग स्वतःच अर्जदार. वाडीतली आणखी चार-पाच घरं घाला, कोळणींपैकी कोणी तयार असेल तर फारच चांगलं, त्यांचा वापर सगळ्यात जुना आणि रोजचा. वकिलाला एकदा मसुदा दाखवून घ्या आणि निघायच्या आधी दाखल करून पोच घ्या.